होडी बसवली तो रविवार

त्या रविवारी मला फक्त झोपायचं होतं.

सलग सहा दिवस पहिली पाळी झाली होती. पहिली पाळी म्हणजे पहाटे साडेचारला उठायचं, सव्वापाचला फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघायची आणि रांजणगावच्या एमआयडीसीत आठ तास टेबलापाशी उभं राहून गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तपासायचे. एकेक तार ओढून बघायची, सुटत नाही ना. घरी यायला चार वाजत. हातपाय धुतले की मी थेट आत्याबाईंच्या खोलीत जाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दौंडच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले आणि मग घरी आणलं. उजवी बाजू गेलेली, बोलणं अर्धंमुर्धं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. त्या गोष्टीला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. पाठीला एकही जखम नव्हती. कोणी विचारलं तर हे मी आवर्जून सांगायचे, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे तेव्हा दुसरं काही नव्हतं.

माझे यजमान कंटेनर चालवतात. पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी. त्यामुळे आत्याबाईंचं सगळं दोघांवर होतं, माझ्यावर आणि माझ्या सासऱ्यांवर. त्यांना सगळी वस्ती आप्पा म्हणते, मीही आप्पाच म्हणते. दिवसा ते बघत, संध्याकाळी मी. पहाटेचं मात्र ठरलेलं नव्हतं. पहाटे चारच्या सुमाराला आत्याबाई हाक मारत. ज्याला ऐकू येईल त्यानं उठायचं.

आप्पांविषयी थोडं सांगायला हवं. आमचं घराणं मेंढपाळांचं. आप्पांचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जात. आप्पा सात-आठ वर्षांचे असताना त्यांनी तिथं समुद्र पाहिला. पुढे शिकून ते नेव्हीत भरती झाले, पंधरा वर्षं नोकरी केली, जहाजावरच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत भाग घेतला, आणि पेन्शन घेऊन परत आले ते साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. तिथूनही निवृत्त झाल्यावर त्यांनी एक उद्योग केला. मुंबईतल्या ओळखीच्या एका माणसाकडून भंगारात काढलेली शिडाची होडी टेम्पोत घालून आणली. चौदा फुटी, फायबरची, तळाला भोक पडलेली. वर्षभर ती आमच्या अंगणात टायरांवर ठेवलेली होती. लोक दुधाला जाताना थांबून विचारायचे, "आप्पा, पानी कुठंय?"

पाणी होतं. घोडनदीवरचं धरण आमच्या वस्तीपासून चालत पाऊण तासावर. आप्पांनी भोक बुजवलं, पाटबंधाऱ्याच्या साहेबांकडे अर्ज केला, परवानगी मिळेपर्यंत दोनदा शिरूरला खेटे घातले आणि एके दिवशी होडी पाण्यात घातली.

मी त्या होडीत बसायला लागले ते आत्याबाई आजारी पडल्यावर. आप्पांचा डावा खांदा धरला होता, एकट्याला दोन शिडं सांभाळवत नव्हती. दर रविवारी माझ्या नणंदबाई राहूहून येत आणि दुपारी दोन-तीन तास आईपाशी बसत. आमच्यात मोठ्या नणंदेला वन्सं म्हणतात. वन्सं आल्या की आप्पा मला म्हणत, "चल पोरी, तासभर पानी बघून येऊ." पहिल्यांदा गेले ती त्यांना नाही म्हणता आलं नाही म्हणून. नंतर जात राहिले ते तिथं कोणी हाक मारत नाही म्हणून.

अंगणात, होडी टायरांवर असतानाच, आप्पांनी मला दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. पहिली रीफ. वारा वाढला की मोठं शीड हातभर खाली उतरवायचं आणि खालचा पट्टा गुंडाळून आडव्या दांडीला बांधून टाकायचा. शीड लहान झालं की होडी कमी कलते. शिडाच्या त्या पट्ट्यावर एका रांगेत भोकं असतात आणि त्यांतून आखूड दोऱ्या लोंबत असतात, त्या बांधण्यासाठी; पण त्याआधी शिडाचं पुढचं टोक आकड्यात अडकवायचं आणि मागचं टोक लांब दोरीनं ओढून धरायचं.

दुसरी गोष्ट होडी थांबवण्याची. होडीला ब्रेक नाही, आणि धरणाच्या मध्यावर नांगर तळाला पोचत नाही. मग काय करायचं? पुढचं लहान शीड मुद्दाम उलट्या बाजूला ओढून बांधायचं, मोठं शीड सैल सोडायचं, आणि सुकाणूचा दांडा वारा जिकडे चाललाय त्या बाजूला ढकलून तिथंच अडकवून ठेवायचा. पुढचं शीड होडीचं तोंड एकीकडे वळवतं, सुकाणू दुसरीकडे. दोघांच्या ओढाताणीत ती कुठंच जात नाही, वाऱ्याबरोबर सावकाश सरकत राहते. नेव्हीत याला इंग्रजी नाव होतं. ते आप्पा एकदाच म्हणाले. नंतर ते म्हणत, होडी बसवायची. शेतात खतासाठी मेंढरं बसवतात, तशी.

तर तो रविवार. श्रावण संपत आला होता. आमच्याकडे पाऊस थोडा, वारा फार. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, त्याचं पाणी नदीनं आमच्यापर्यंत येतं, आणि ढग मात्र डोक्यावरून तसेच पूर्वेला निघून जातात. धरण भरलं होतं. वन्सं साडेअकराला आल्या, येताना भाकरी आणि शेंगाभाजी घेऊन आल्या. मी त्यांना म्हटलं, "वन्सं, आज मी पडते जरा." त्या म्हणाल्या, "पडा की. मी हाय."

मी पडलेही. दहा मिनिटं झाली असतील. आप्पा दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्या खांद्यावर दोन लाइफ जॅकेटं होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठले. त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांना एकट्याला सोडणं मला बरं वाटेना.

सुरुवातीला काहीच वाटलं नाही. वारा पाठीमागून, पश्चिमेकडून होता. होडी पूर्वेला, धरणाच्या भिंतीच्या दिशेनं, चालली होती. पाठीवर वारा असला की तो किती आहे ते कळत नाही, कारण आपणही त्याच्याबरोबरच पळत असतो. ऊन होतं. मी बाकावर मागं रेलून डोळे मिटले. आप्पा सुकाणू धरून बसले होते. अर्ध्या तासात आम्ही नेहमीपेक्षा कितीतरी लांब आलो होतो.

"फिरवतो," आप्पा म्हणाले.

होडी फिरली आणि वारा तोंडावर आला. मला वाटलं कुणीतरी दार उघडलं. लाटांच्या टोकांवर पांढरा फेस दिसायला लागला. होडी एका बाजूला इतकी कलली की काठावरून पाणी आत आलं आणि माझी चप्पल तरंगून पायाला लागली. आप्पांनी उजव्या हातानं सुकाणूचा दांडा आणि डाव्या हातानं शिडाची दोरी धरली होती. डाव्या मुठीतून ती सरकत होती.

"रीफ!" ते ओरडले. "शीड ल्हान कर!"

"मी?"

"मग कोन? मला दांडा सोडता येत न्हाई!"

अंगणात मी ते दहा-बारा वेळा केलं होतं. तिथं शेळ्या बघायला उभ्या असायच्या आणि दोरी हातातून सुटली तर हसायला यायचं. इथं होडी उडत होती. आप्पांनी होडीचं तोंड वाऱ्याच्या जवळ आणलं, मोठं शीड फडफडायला लागलं, त्याचा आवाज एवढा की कानात काही शिरेना. मी गुडघ्यांवर बसून डोलकाठीपाशी सरकले, दोरी सोडली, शीड हातभर खाली ओढलं. पुढचं भोक आकड्यात अडकवलं. इथपर्यंत बरोबर झालं. मग घाईघाईनं मधल्या आखूड दोऱ्या दांडीला बांधायला घेतल्या.

"आधी मागची! मागची दोरी वढ, मग मधल्या बांध!"

मला ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि डोक्यात शिरलं नाही. मी दोन दोऱ्या करकचून बांधल्या. शिडात वारा भरला आणि सगळा ताण त्या दोन भोकांवर आला. टर्रकन आवाज झाला आणि एका भोकापाशी शीड वीतभर फाटलं.

आप्पा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लग्न होऊन मला अठरा वर्षं झाली होती. सासऱ्यांपुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी चढला.

"मला काय म्हाईत! मी काय नेव्हीत हुते का? झोपले हुते मी घरात! तुमी उठवलं!"

वाऱ्यात मला माझाच आवाज बारीक ऐकू आला. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, शिकवतात तसं म्हणाले, "सोड त्या दोन. आता मागची वढ. घट्ट. हां. आता मधल्या, सैलसर बांध. त्यास्नी ताण न्हाई द्यायचा."

मी सोडल्या. मागची दोरी पाय टेकून ओढली. तळहात सोलून निघाला. मग मधल्या पाच दोऱ्या बांधल्या, फाटलेली जागा गुंडाळीच्या आत गेली. शीड लहान झालं. होडी थोडी सरळ झाली, पाणी आत येणं थांबलं. मी डब्यानं पाणी उपसायला लागले.

आता घरच्या दिशेनं जायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जायचं. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, नागमोडी जावं लागतं. आम्ही एकदा दक्षिणेच्या काठाकडे गेलो, वळलो, उत्तरेच्या काठाकडे आलो. मी काठावरच्या पंपहाऊसकडे बघत होते. ते आधी होतं तिथंच होतं. इतका वेळ धडपडून आम्ही एक पाऊलही पुढे गेलो नव्हतो. फाटकं, लहान केलेलं शीड आणि दोन दमलेली माणसं, त्याच्यापुढे वारा हटत नव्हता. पुन्हा वळायच्या वेळी आप्पांच्या डाव्या हातातून दोरी सुटली. त्यांनी ती पुन्हा धरली आणि पुन्हा सुटली. ते हाताकडे बघत राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "बसव."

"काय?"

"होडी बसव. माझ्यानं आता होत न्हाई."

मी पुढचं शीड वाऱ्याच्या बाजूला ओढलं आणि दोरी खुंटीला गुंडाळली. मोठं शीड सैल सोडलं. आप्पांनी दांडा ढकलला, मी तो दोरीनं काठाला बांधून टाकला. होडी एकदा डगमगली, तोंड थोडं इकडे, थोडं तिकडे केलं, आणि मग बसली.

त्या शांततेचं मला आजही नवल वाटतं. वारा तेवढाच होता, लाटा तेवढ्याच होत्या. तरी फडफड थांबली, आपटणं थांबलं. होडी लाटांवर नुसती वर-खाली होत होती. दोघांचेही हात रिकामे होते. मी तळहात पाण्यात बुडवला, झोंबलं.

"भिंत?" मी विचारलं. वारा आम्हाला धरणाच्या भिंतीकडेच नेत होता आणि भिंतीला सगळे दगड रचलेले.

आप्पांनी काठावरचं एक झाड आणि त्याच्यामागचा विजेचा टॉवर दाखवला. "ते दोन कवा येका रेषेत येत्यात बघायचं, तवा भिंत जवळ आली. लय हळू सरकतोय आपन. दीड-दोन तास हायत. चारनंतर वारा पडंल जरा."

"आन् न्हाई पडला तर?"

"तर उत्तरंच्या काठाला लागू. तोंड तिकडंच हाय."

मी होडीच्या तळाशी, ओल्यातच, पाठ टेकून बसले. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून झाकणाच्या डब्यात ठेवलेला फोन वाजत होता. किती वेळ वाजत होता कोण जाणे. वन्सं होत्या.

"वहिनी, कुठं हाय तुम्ही? अडीच तास झालं!"

"वारा हाय वन्सं. उशीर व्हईल. काळजी करू नका, बसलोय आम्ही."

"बसलाय? आन् मी हितं काय करू? आईनं अंथरुनातच केलंय. सगळं भरलंय. मला उचलना ती. मला..." आणि त्या रडायला लागल्या.

दोन वर्षांत वन्सं शंभर वेळा तरी आल्या असतील. प्रत्येक वेळी मी सगळं आवरून, आत्याबाईंना पुसून-बिसून, स्वच्छ पातळ नेसवून त्यांच्यापुढे ठेवायचे. त्या गप्पा मारायच्या, केस विंचरायच्या, जायच्या. खालचं कधी त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. मी येऊच दिलं नव्हतं.

"रडू नका," मी म्हटलं. "उचलायचं न्हाई. उचलायला जाल तर कंबर धरंल. त्यांचा उजवा हात पोटावर ठेवा. ठेवला? आता उजवा गुडघा वाकवा. तुम्ही डाव्या अंगाला उभ्या ऱ्हावा. खांदा आन् कंबर धरून आपल्याकडं वढा. एकदम न्हाई, सावकाश."

फोनमधून कॉटचा कुरकुर आवाज आला. आत्याबाईंचं कण्हणं आलं.

"वळली," वन्सं म्हणाल्या.

"आता चादर पाठीमागं गुंडाळत न्या, त्यांच्या अंगापातूर. तिथनं पुसून घ्या. कोमट पानी थर्मासमधी हाय. कापडं खिडकीत. पुसल्यावर कोरडं करा, मग पावडर."

असं जवळजवळ अर्धा तास चाललं. माझ्या अंगावर लाटेचे शिंतोडे उडत होते, आणि मी दुसऱ्या कुशीला कसं वळवायचं, जुनी चादर कशी ओढून घ्यायची, नवी कशी सरकवायची ते सांगत होते. मध्येच वन्सं म्हणाल्या, "वास सोसंना मला, वहिनी." मी म्हटलं, "तोंडानं श्वास घ्या." शेवटी त्या म्हणाल्या, "झालं," आणि फोन ठेवला.

मी फोन डब्यात टाकला. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर त्या झाडावर आणि टॉवरवर होती.

"मला येक सांगायचंय तुला," ते म्हणाले.

मी पाणी उपसायचा डबा उचलला.

"पहाटं तुझी सासू हाक मारती. पहिलीच हाक मला ऐकू येती. माझी झोप लय सावध, नेव्हीपासनं. पर मी पडून ऱ्हातो. डोळं मिटून पडून ऱ्हातो. वाटतं, ही उठंल." त्यांनी दुखरा हात मांडीवर ठेवला. "तू उठली की मग मला लाज वाटती. तरी दुसऱ्या दिवशी पुन्यांदा तसंच."

आमच्या होडीखालून एक मोठी लाट गेली. मला हसू आलं. कसलं हसू ते सांगता येणार नाही, डोळ्यांत पाणीही होतं.

"आप्पा," मी म्हटलं, "पहिली हाक मलाबी ऐकू येती. मीबी पडून ऱ्हाते. तिसऱ्या हाकेपातूर बघते, तुम्ही उठता का."

आप्पांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तिसऱ्या?"

"कवा कवा चौथ्या."

त्यांनी नजर पुन्हा झाडाकडे नेली. मग म्हणाले, "म्हंजी ती चार हाका मारती आन् आपन दोघं जागं."

"व्हय."

अंगावरचं ओझं उतरलं वगैरे मला काही झालं नाही. उलट फार थकवा आला. इतके दिवस तो कुठंतरी मागं उभा होता, तो पुढे आला. आत्याबाई अंधारात चार वेळा हाक मारून वाट बघत असतील, हे मी याआधी मनात येऊ दिलं नव्हतं. आप्पाही गुडघ्यांवर कोपरं टेकून वाकून बसले. मी म्हटलं, "थोडं पडा तुम्ही. मी बघते झाडाकडं." ते खरंच तळाशी आडवे झाले, लाइफ जॅकेटसकट, आणि थोड्या वेळानं घोरायला लागले. सुमारे तासभर मी एकटी जागी होते. झाड आणि टॉवर जवळ येत होते. वर घार फिरत होती. काठावर कोणीतरी बैल धूत होतं. मला कशाचीच भीती वाटत नव्हती, भ्यायलाही जोर लागतो आणि तो माझ्यात उरला नव्हता.

रेषा जुळायला बोटभर अंतर राहिलं तेव्हा मी त्यांना उठवलं. वारा थोडा पडला होता, पण घरच्या दिशेनं जाण्याइतका नाही. भिंतीचे दगड आता वेगवेगळे मोजता येत होते. "उत्तरंला," आप्पा म्हणाले. मी दांडा सोडून त्यांच्या हातात दिला, पुढचं शीड सुटं केलं, मोठं आत ओढलं. होडी पुन्हा चालायला लागली. वारा आता बाजूनं होता आणि शीड लहान होतं, त्यामुळे ती निमूट चालली. वीस मिनिटांत आम्ही पलीकडच्या काठाच्या चिखलात रुतलो.

नदीच्या पलीकडे जिल्हा बदलतो. ज्या शेतकऱ्याच्या उसाच्या कडेला आम्ही लागलो तो बांधावर येऊन उभा राहिला. चिखलानं भरलेला एक म्हातारा आणि पदर खोचलेली एक बाई, दोघांच्याही अंगात नारंगी जॅकेटं. "कुठलं म्हनायचं पावनं?" त्यानं विचारलं. आप्पांनी गावाचं नाव सांगितलं. तो पाण्याकडे बघून म्हणाला, "असं आला व्हय? रस्त्यानं यायचं की." पण त्यानं होडी ओढायला हात लावला, ती बाभळीला बांधली, बायकोला चहा टाकायला सांगितला आणि मग पिकअप काढून वळसा घालून आम्हाला घरी सोडलं. पिकअपमध्ये आप्पा आणि मी एकमेकांना टेकून बसलो होतो. एरवी तसं बसणं आमच्या घरात चालत नाही.

वन्सं उंबऱ्यात बसल्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत ओली, केस सुटलेले. धुतलेल्या चादरी दोरीवर होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या आणि आधी बापावर ओरडल्या, "बुडाला असता तर? या वयात कसलं हे याड!" मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता माझी पाळी. पण त्यांनी विचारलं, "वहिनी, हे रोज?"

"दिसातनं दोनदा तरी," मी म्हटलं.

त्या चहा न पिताच गेल्या. रागावून गेल्या की कशा, मला तेव्हा कळलं नाही. जाताना पायरीवरची चप्पलही दुसऱ्याची घालून गेल्या.

आप्पा हातपाय धुऊन आत्याबाईंच्या कॉटपाशी बसले. मी दारात होते. त्यांनी मला आत बोलावलं आणि माझ्यासमोर आत्याबाईंना सगळं सांगितलं. पहाटेचं, दोघांचंही. सांगताना ते शाळेतल्या मुलासारखे खाली बघत होते. मी कॉटच्या दांडीला धरून उभी होते. वाटत होतं, त्या आता तोंड फिरवतील.

आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांचं तोंड डाव्या बाजूनं वर गेलं. ते त्यांचं हसणं होतं. डावा हात उचलून त्यांनी आप्पांच्या डोळ्याकडे बोट केलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "हाल-त्यात. पाप-ण्या. म्हाईत... हुतं."

त्यांची कॉट आणि आप्पांची खाट एकाच खोलीत होती. रात्रभर एक बारीक बल्ब जळत असे. त्या आप्पांच्या पापण्या बघत होत्या, दोन वर्षं.

"मग बोलली का न्हाईस?" आप्पांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. खूप वेळानं शब्द आला. "दम-ता."

त्याच संध्याकाळी आप्पांनी कॅलेंडर काढलं आणि पहाटेच्या पाळ्या लावल्या. एक दिवस त्यांचा, एक माझा. ज्याचा दिवस नसेल त्यानं उठायचं नाही, हाक ऐकू आली तरी नाही. ठरवायला पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पहाट आप्पांची होती. हाक आली, मी जागी झाले, त्यांची खाट वाजली, पाय जमिनीला टेकल्याचा आवाज आला. मी कूस बदलली. साडेचारला गजर होणारच होता, पण ती अर्ध्या तासाची झोप मला लागली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी वन्सं आल्या. हातात कपड्यांची पिशवी होती. मला म्हणाल्या, "रविवारची पहाट माझी. कॅलिंडरवर लिवा." त्यानंतर त्या दर शनिवारी मुक्कामाला येत. शिकल्या हळूहळू. पहिले काही आठवडे नाकाला पदर बांधून करत, नंतर तो सुटला. एकदा पावडर संपली तर राहूवरून येताना घेऊन आल्या, कोणी सांगितलं नव्हतं.

आत्याबाई त्यानंतर सव्वा वर्ष होत्या. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात गेल्या. आप्पांची पहाट होती. त्यांनी कूस बदलली, चमच्यानं चहा दिला, तोंड पुसलं, आणि पेला ठेवून वळेपर्यंत संपलं होतं. मी बसमध्ये होते. फोन आला तेव्हा बस रांजणगावच्या जवळ आली होती. ड्रायव्हरनं मला चौकात उतरवलं, मी रस्ता ओलांडून उलट्या दिशेनं उभी राहिले. धुकं होतं. उसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मी कितीतरी महिने कोणाला सांगितलं नाही. उद्या पहाट माझी होती, आणि आता उठायला नको, हे आलं. रडू त्यानंतर आलं.

उन्हाळ्यात एका दुपारी आप्पा आणि मी अंगणात चिंचा फोडत बसलो होतो, तेव्हा मी ते त्यांना सांगितलं. ते चिंचोके बाजूला काढत राहिले.

"मलाबी तेच आलं हुतं," ते म्हणाले. "पेला हातात हुता तवाच."

एवढं बोलून ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि शेळ्यांना पाला टाकायला गेले.